पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

दमयंतीबाई एकसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या, हर्सूलमधल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, दुसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळवलं आणि छोटी पांढरी गाडी घेतली. पुण्यात नोकरी करणारा मुलगा अमेय फोनवर म्हणाला, "आई, रिक्षा मिळतात की."

"मिळतात. पण मला वाटेल तिथं त्या जात नाहीत," त्या म्हणाल्या.

चार महिन्यांनी एका रविवारी गाडी पुसताना बॉनेटवर तांबूस ठिपके दिसले. मोहरीपेक्षा बारीक, बोटाला खरखरीत लागणारे. छतावर होते, डाव्या दारांवर तर दाट होते. शाम्पूनं गेले नाहीत. मग बाईंनी भांडी घासायची तारेची घासणी आणली आणि पुढच्या डाव्या दारावर चार-पाच हात मारले. ठिपके निम्मेही गेले नाहीत आणि दारावर ओरखड्यांचं जाळं उमटलं. घासणी हातात तशीच धरून त्या पायरीवर बसल्या. रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

सोमवारी गॅरेजवाल्यानं लांबूनच बघून सांगितलं, "गंज धरलाय मॅडम. बॉनेट, छत, दारं, सगळं पुन्हा रंगवावं लागेल."

"चार महिन्यांच्या गाडीला गंज?"

"बाहेर उभी असते ना," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाई घरी परतल्या तेव्हा समोरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात इंद्रजीत रस्त्यावर पाइप टाकून कापत होता. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवण्याचं त्याचं काम. बाई कुंपणाच्या भिंतीला लागून गाडी लावत, थेट त्या जागेपर्यंत ठिणग्यांचा पट्टा येत होता. इतके दिवस त्या ठिणग्या त्यांनी पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ आज लागला. गाडी तशीच रस्त्याच्या मध्ये उभी करून त्या उतरल्या.

"माझी गाडी सडवलीत तुम्ही!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यातला एक हसून म्हणाला, "बाई, गाडी उन्हापावसात ठेवायची अन् दुकानदाराला बोलायचं?"

इंद्रजीतनं मशीन बंद केलं, चष्मा काढला आणि गाडीपाशी आला. बारीक खरखरही कळावी म्हणून खिशातली प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून त्यानं बॉनेटवरून हात फिरवला, मग डाव्या दारांवरून, मग पलीकडे जाऊन उजव्या दारांवरून.

"डावीकडं लई हाय. भिंतीकडच्या बाजूला जवळजवळ नाय." तो उभा राहिला. "काकू, हे माझंच हाय."

बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. त्यांनी उगारलेलं बोट खाली घेतलं.

"कापताना ग्राइंडरमधनं उडणारा लोखंडाचा चुरा गरम असतो. रंगावर पडला की रुततो, वरून पाणी पडलं की गंजतो," इंद्रजीत म्हणाला. "पण पत्रा नाय सडला तुमचा. गंज खालून आला असता तर रंग फुगला असता, पोपडे आले असते. तसं कुठंच नाय. म्या वाळूजला गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमधी चार वर्षं होतो. रंगवायची गरज नाय." मग त्याची नजर पुढच्या दारावर गेली. "हे कुणी घासलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "भांड्याच्या घासणीनं."

तो हसला नाही. "रविवारी सकाळी करू," एवढंच म्हणाला.

रविवारी दुकान बंद ठेवून तो ऊन चढायच्या आत आला. बायको अपेक्षाही पाण्याच्या बादल्या घेऊन आली. आधी गाडी साध्या शाम्पूनं धुतली, सावलीत घेतली. मग हातमोजे घालून इंद्रजीतनं लोखंड विरघळवणारं औषध फवारलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मिनिटाभरात प्रत्येक ठिपक्यातून जांभळे ओघळ वाहू लागले.

"अहो, रंग उतरतोय!" बाई ओरडल्या.

"रंग नाय काकू, लोखंड उतरतंय. फक्त वाळू द्यायचं नाय."

चार मिनिटांनी त्यानं पाण्याचा मोठा फवारा मारला. उरलेल्या ठिपक्यांसाठी रंग साफ करायची मऊ माती होती. साबणाचं पाणी शिंपडायचं आणि मातीची चपटी वडी हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवायची. बाईंनी वडी मागून घेतली. दोन हात फिरवले आणि ती जमिनीवर पडली. त्या धुवायला निघाल्या, तर इंद्रजीतनं ती फेकूनच दिली.

"एवढी चांगली होती!"

"खडा चिकटला असंल तर समदी गाडी खरडंल."

दुपारपर्यंत बॉनेट काचेसारखं गुळगुळीत झालं. दारावर पॉलिश मारलं, शेवटी सगळ्या गाडीला मेण लावलं. ओरखडे पुसट झाले, गेले मात्र नाहीत. तिरप्या उन्हात अजून दिसतात.

पुढच्या आठवड्यात इंद्रजीतनं कापायचं मशीन दुकानामागच्या मोकळ्या जागेत हलवलं आणि आडवा पत्रा उभा केला. बाईंनी गाडी भिंतीच्या पलीकडे लावायला सुरुवात केली. आठवड्याला धुणं आणि तीन महिन्यांनी मेण, हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. घाईच्या एका दिवशी इंद्रजीतनं पुन्हा रस्त्यावर पाइप टाकला, तेव्हा आतून अपेक्षाच ओरडली, "अहो, मागं!"

त्याच संध्याकाळी ती बाईंकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, गाडी शिकायला लई अवघड असती का हो?"

"मला एकसष्टाव्या वर्षी जमलं," बाई म्हणाल्या. "किती वाजता मोकळी असतेस?"

आता सकाळी सात वाजता दोघी हर्सूलच्या तलावाकडच्या मोकळ्या मैदानावर जातात. पहिल्या दिवशी अपेक्षानं गाडी अकरा वेळा बंद पाडली. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या गिअरमध्ये मैदानाला पूर्ण फेरी मारून आली आणि उतरल्यावर बराच वेळ हसत राहिली.