चार नंबरचा शिक्का

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये फिनलंडच्या लोकांसाठी ताटल्या बनत. त्यांना ताटल्या म्हणायची मात्र बंदी होती. "डिस्क म्हणायचं, डिस्क," असं मॅनेजर हरेशसाहेब दर सोमवारी बजावत आणि मंगळवारी स्वतःच "त्या निळ्या ताटल्या कुठं मेल्या?" म्हणून ओरडत. या ताटल्या जेवायच्या नव्हत्या, फेकायच्या होत्या. तिकडची माणसं म्हणे रानात जातात, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत ताटली फेकतात, ती काढतात आणि पुढच्या टोपलीकडे चालू लागतात. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. चेंडू नाही, काठी नाही. उरलं ते सगळं गोल्फ. शेडमधल्या साठ माणसांपैकी एकानेही हा खेळ पाहिलेला नव्हता, पण ताटलीचं वजन दोन ग्रॅमनी चुकलं तर फिनलंडात बोंब होते, हे साऱ्यांना पाठ होतं.

या शेडमध्ये तपासणीच्या टेबलाशी रत्नाचं सात वर्षं एक स्टूल होतं.

रत्ना शहापूर-मुरबाड रस्त्यालगतच्या वस्तीतली. शिक्षण सातवी. पण तिच्याकडे एक विद्या होती, ती आईकडून आलेली. शहापूरच्या बाजारात मडकं घेताना आई ते बोटाच्या पेराने वाजवून बघायची. टण बोललं तर घरचं, थप बोललं तर कुंभाराचं. रत्ना ताटल्या तशाच वाजवी. वजनकाटा जे सांगायचा ते ती त्याला आधीच सांगून टाकायची. पास झालेल्या ताटलीच्या पाठीवर ती शिक्का मारी: बारीक गोल, आत आकडा चार. ज्या वस्तीत बायकांची नावं रेशनकार्डावर नाहीतर शिव्यांत यायची, तिथली रत्ना फिनलंडात चार नंबर म्हणून जात होती. तो शिक्का ती घरी जाताना फडक्यात गुंडाळून खणात ठेवी. लोक मंगळसूत्र ठेवतात तसा.

मागच्या पावसाळ्यात हरेशसाहेबांना बचतीची कल्पना सुचली. रद्दी ताटल्या भरडून तो चुरा नव्या प्लास्टिकमध्ये मिसळायचा. थोडा मिसळला तर चालतो. साहेबांनी अर्धा मिसळायला लावला. रत्नाने त्यातली पहिलीच ताटली वाजवली आणि सगळ्या मालावर लाल रेघ मारली.

"थप बोलतात, साहेब."

"ताटली बोलते? आणि तुला ऐकू येतं? तू तपासणीला आहेस की देवऋषी?"

पुढचे दोन दिवस रत्ना भातलावणीसाठी सुट्टीवर होती. ती परत आली तेव्हा माल गेलेला होता. लाल रेघा थिनरने पुसून, पाठीवर चार नंबर मारून.

मुरबाडच्या हवेत त्या ताटल्यांना काही झालं नाही. पण डिसेंबरात फिनलंडच्या थंडीत त्या टोपलीवर आपटल्या आणि पापडासारख्या फुटल्या. जानेवारीत तक्रार आली. कारखान्याचे शेठ उल्हासनगरहून धावत आले, आणि हरेशसाहेबांनी साठ माणसांसमोर फुटक्या ताटलीचा फोटो वर धरला. "बघा. पाठीवर कोण आहे? चार नंबर. या बाईने कंपनीचं नाक कापलं." रत्ना म्हणाली, मी रेघ मारली होती. साहेब म्हणाले, कुठाय रेघ? चुरा मिसळणारा काळूराम तिथेच उभा होता. त्याने आपल्या चपलेचा अंगठा फार बारकाईने तपासला.

शिक्का साहेबांच्या खणात गेला आणि रत्ना सेकंडच्या खोलीत.

सेकंड म्हणजे उणा माल. बुडबुडा आलेला, छाप फिसकटलेला, काठाला प्लास्टिकची झालर राहिलेला. तो निवडायचा, झालर ब्लेडने कापायची, रेघ मारायची, कमी भावाने विकायला बाजूला ठेवायचा. विकण्याच्याही लायकीचा नसेल तो कामगार घरी नेत. वस्तीत कोंबड्या त्यात पाणी पीत, हंड्यांवर त्यांची झाकणं होती. त्या खोलीत जनाबाई नावाची म्हातारी एकटीच होती. तिने रत्नाला बसायला खोकं दिलं. स्टूल नव्हतं.

हापशीवर बायका विचारू लागल्या, "काय गो रत्ने, तुझी ताटली फुटली म्हनं परदेशात?" कंपनीच्या बसमध्ये तिचं नाव ‘सेकंड’ पडलं. ती ब्लेड चालवायची.

"जाऊ दे गो," जनाबाई म्हणायची. "देव बघून घेल त्याला."

"देवाला एवढी कामं हायेत. त्याला कशाला तरास?"

एप्रिलात एक पिवळी ताटली खोलीत आली. तपासणीत पास झाल्यावर वरचा छाप मारताना फिसकटली होती. रत्नाने सवयीने वाजवली. थप. पालथी केली. चार नंबर.

तिने ती उजेडाकडे नेली. प्रत्येक ताटलीच्या पोटात साच्यातूनच एक बारकं घड्याळ उठतं. त्याचा बाण माल कुठल्या महिन्यात निघाला ते दाखवतो. शिक्का पुसता येतो, बाण पुसता येत नाही. बाण तीनवर होता. मार्च. मार्चात रत्ना याच खोक्यावर बसून झालर कापत होती.

सगळा हिशेब तिला एका दमात कळला. साहेबांचा चुरा चालूच होता, आणि चुऱ्याच्या मालावर ते चार नंबरच मारत होते. उद्या पुन्हा फुटलं तर गुन्हेगार तयार. आधीच शिक्षा झालेला, म्हणजे शिक्षेचा खर्चही वाचला.

तिला राग आला नाही. राग येऊन चार महिने झाले होते. तिला आनंद झाला.

कारखान्यात तक्रारपेटी होती, पण तिची किल्ली हरेशसाहेबांकडे असे. ते चिठ्ठ्या वाचत, आणि अक्षरं ओळखत. रत्नाने तिकडे बघितलंही नाही. तिला ताटली शेठच्या डोळ्यांसमोर, आणि ज्याने विकत घ्यायची त्याच्या हातून फुटायला हवी होती. आणि तो मिको नावाचा फिनलंडवाला पिवळा माल बघायला याच महिन्यात येणार होता. मागच्या तक्रारीनंतर तो स्वतः खोकी फोडून, स्वतः फेकून बघणार होता. शेडच्या मागच्या मैदानात वेल्डरने फोटो बघून एक टोपली उभी केली होती. साखळ्या गुरं बांधायच्या, वरचं झाकण पिंपाचं. साहेब निर्धास्त होते. मुरबाडला एप्रिलात फुटलंच तर माणसाचं डोकं फुटेल, ताटली नाही.

अडचण तीच होती. थंडी कुठून आणायची?

थंडी रत्नाच्या घरातच होती. तिचा नवरा विनोद आसनगाव स्टेशनबाहेर कुल्फी विकायचा. लाकडी पेटी, बर्फ, आणि बर्फावर मूठमूठ जाडं मीठ. मिठाशिवाय बर्फाला खरी थंडी चढत नाही, हे फ्रिजवाल्यांना ठाऊक नसतं, कुल्फीवाल्यांना असतं.

"पेटीत ताटली?" विनोद म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"तुझी कुल्फी खाऊन काय बोलत नाय, ते ताटलीला काय बोलनार?"

"मीठ जास्ती लागंल."

"टाक."

"पन किती?"

"फिनलंड होईस्तवर टाक."

रत्ना तपासणीची बाई होती. नुसत्या रागावर तिने कधी काही नापास केलं नव्हतं. तिने दोन ताटल्या ठेवल्या. एक ती पिवळी, आणि एक जुनी लाल. लाल ताटली तिच्या हातची, चुऱ्याआधीच्या काळातली; छापात एक अक्षर कमी म्हणून घरी आलेली आणि तीन वर्षं पिठाच्या डब्यावर झाकण असलेली. तासाभराने दोन्ही काढून विनोदने अंगणातल्या जात्यावर आपटल्या. लाल उसळून कोंबड्यांत गेली. पिवळीचे तीन तुकडे झाले.

"आयला," विनोद तुकडा उचलत म्हणाला. "सायबाचीच फुटली."

"आता मैदानात फोडू."

मिको आला त्या दिवशी पाहुण्यांना काहीतरी ‘लोकल’ द्यावं म्हणून शेठनी कुल्फी सांगितली होती. कुल्फीवाल्याचं नाव काळूरामने सुचवलं. काळूरामला ते रत्नाने सुचवलं होतं, आणि सुचवताना ती त्याच्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. वाढायला कोण? "ती सेकंडची बाई घ्या," हरेशसाहेब म्हणाले. "तिला तसंही काय काम असतं?"

मिको उंच, लाल नाकाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने गोदामात मनाला येईल ती खोकी फोडली, दहा ताटल्या काढल्या आणि जेवायला गेला. ताटल्या उन्हात टेबलावर पडल्या. रत्ना पदर सावरून साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, उन्हात वाकतील. मागं तुमी मला त्याच्यावरूनच बोललेले. कुल्फीच्या पेटीत ठेवू?"

हरेशसाहेबांनी चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "शिकलीस हं," ते म्हणाले. जेवताना त्यांनी मिकोला इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे माल नेहमी थंड जागी साठवतात. मिको मान डोलावत पापड खात होता.

जेवण तासभर चाललं. शेठना आंब्याचा रस लागायचा आणि रसानंतर आणखी रस लागायचा. पेटीत विनोद मीठ घालत होता.

मग सगळे मैदानात आले. मागे सिद्धगड उन्हात तापून धुरकट झाला होता. शेठ खुर्चीवर, हातात कुल्फी. कामगारांना टाळ्या वाजवायला ओळीने उभं केलेलं. रत्नाने पेटीतून पहिली ताटली काढून पुसली आणि मिकोच्या हातात दिली. त्याने ती हातात धरली, जरा थांबला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. त्याला बहुतेक घर आठवलं.

त्याने अंग वळवून ताटली सोडली. साठ माणसांनी सात वर्षांत पहिल्यांदाच आपली वस्तू उडताना बघितली, आणि ती इतकी सुंदर उडाली की रत्नाही क्षणभर कशासाठी उभी आहे ते विसरली. ताटली टोपलीच्या खांबावर आपटली. कडाक्. टोपलीत काहीच पडलं नाही. गवतात पाच तुकडे पडले.

ठरल्याप्रमाणे कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"एखादी असते," हरेशसाहेब म्हणाले. दुसरी आपटली. चार तुकडे. तिसरी साखळीलाच फुटली. शेठची कुल्फी मनगटावरून कोपराकडे निघाली होती.

मिको गवतात वाकला आणि एक तुकडा घेऊन आला. तुटलेल्या कडेला पिवळ्यात राखाडी कण दिसत होते, निवडायच्या राहून गेलेल्या तांदळातल्या खड्यांसारखे. त्याने तुकडा पालथा करून शिक्क्यावर बोट ठेवलं. हे कोण?

हरेशसाहेबांनी माणूस घाबरल्यावर करतो तेच केलं: जे एकदा चाललं तेच पुन्हा चालवलं. आधी इंग्रजीत, मग शेठसाठी मराठीत ते म्हणाले, "चार नंबर. हीच ती बाई. निष्काळजी. म्हणून तर जानेवारीतच तिला तपासणीवरून काढली. जानेवारीपासून तिने शिक्क्याला हात लावलेला नाही, सगळ्यांना विचारा!"

"खरं हाय," रत्ना म्हणाली. "विचारा."

मिकोने शेजारचा तुकडा उचलला. त्याच्यावर बारकं घड्याळ होतं. त्याने बाण पाहिला आणि साहेबांपुढे बोटं मोजली. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च. तिसरं बोट त्याने खाली घेतलंच नाही.

पेटीतला बर्फ करकरला.

"शिक्का कुणाकडे असतो?" शेठनी विचारलं. ओळीतले डोळे हरेशसाहेबांकडे वळले. "काळूराम, मिक्सरात काय टाकतोस?"

काळूरामने पुन्हा चपलेकडे बघितलं. चप्पल चार महिन्यांत जुनी झाली होती. "साहेब सांगतात तेवढा चुरा, शेठ. अर्धा."

रत्नाने पेटीच्या तळातून लाल ताटली काढली आणि मिकोला दिली. त्याने फेकली. ती साखळ्यांवर खणकन् आपटली आणि टोपलीत पडली. तो जाऊन ती घेऊन आला, तेव्हा रत्नाने ती पेराने वाजवून त्याच्या कानाशी धरली. टण. मग पेटीतली एक पिवळी. थप. मिकोने दोन्ही आपल्या हाताने वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. फिनलंडातही मडकी असावीत.

हरेशसाहेबांची नोकरी गेली नाही. ते शेठच्या बायकोचे भाऊ होते, आणि मेहुण्याला काढता येत नाही, फक्त सरकवता येतं. त्यांना ‘प्रमुख, सेकंड विभाग’ करण्यात आलं. विभागात ते आणि जनाबाई. जनाबाईने त्यांना बसायला खोकं दिलं.

रत्नाला स्टूल परत देऊ, असं शेठ म्हणाले. स्टुलासाठी ती एका अटीवर तयार झाली: शिक्का साहेबांनी आपल्या हाताने आणून द्यायचा, ज्या साठ जणांसमोर नेला त्याच साठ जणांसमोर. त्यांनी आणून दिला. तिने तो फडक्याने बराच वेळ पुसला. थिनर मागवून पुन्हा पुसला. साहेब उभेच होते.

जनाबाईला वाटलं, झालं, फिटलं. पण नव्या नियमाप्रमाणे सेकंडचा मालही विकण्याआधी तपासणीतून जायचा होता. तो ढकलगाडीवर घालून आणायचं काम प्रमुखांचं. पूर्वी रत्ना दहात एक ताटली वाजवायची. ही गाडी आली की ती एकही सोडत नाही. ती ढकलगाडीही त्यांना संध्याकाळीच आणायला सांगते, बसच्या वेळेला. विनोद हल्ली सायकलवर तिला न्यायला येतो, त्यामुळे तिला बसची घाई नसते. शेठनी साहेबांची मोटार काढून घेतल्यापासून साहेबांना असते.

फाटकापाशी बस हॉर्न देते. टण. पुढची. टण. पुढची उलटसुलट करून, पुन्हा पहिल्यापासून.

"रत्नाबाई," हरेशसाहेब विचारतात, "अजून किती राहिल्या?"

"मोजत नाय, साहेब," ती वर न बघता सांगते. "वाजवतेय."