वाटून खाल्लेली कॅप्सूल

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराला लावायची नव्हे. जंतूच्या पोटात मावेल एवढी, जनुकांची गोल कडी. एक औषध निकामी करण्याची युक्ती माझ्यात आहे. जन्म कुठे झाला ते मलाच ठाऊक नाही, पण वाढले नव्वदच्या दशकात, दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत. सुरगाण्याहून कामाला आलेल्या टोळीचा मुकादम फकिरा, त्याच्या आतड्यातल्या एका गरीब जंतूत माझा संसार होता.

टोळी मोठी मायाळू. भाकरी वाटून, तंबाखू वाटून, आणि कॅप्सूलसुद्धा वाटून! एकाला जुलाब झाले की फकिरा दुकानातून त्याच औषधाचं पाकीट आणी आणि सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवी. "एकट्यानं खाल्लं तर पचायचं नाय," म्हणे. त्या एकेका कॅप्सूलने साधे जंतू मरत आणि माझे फोफावत. बाग आमची, खुरपणी माणसांची! टोळी पाटाकाठीच शौचाला बसे आणि पाटाचंच पाणी पिई; त्या पाण्यातून मी हळूहळू साऱ्या टोळीच्या पोटात पोचले.

त्याच पाण्यातून विषमज्वराचा जंतू टोळीतल्या हिरामणच्या बायकोच्या, आशाच्या पोटात शिरला. माझ्या जंतूने त्याला बारीक दोऱ्याने जवळ ओढलं आणि माझी एक नक्कल देऊन टाकली. माझं काही कमी झालं नाही.

आशा तापली. फकिराची कॅप्सूल झाली, मग गावातल्या डॉक्टरांनी तीच रोज दिली. ताप हटेना. आशा माणसं ओळखेना, तेव्हा हिरामणने तिला जीपमध्ये घालून नाशिकच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिच्या रक्तातला जंतू बशीत वाढवला आणि मध्ये त्या औषधाची टिकली ठेवली. जंतू टिकलीला खेटून वाढला; औषध लागू पडलं असतं तर टिकलीभोवती मोकळं कडं राहिलं असतं.

"हे औषध कोणी कोणी खाल्लंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"समद्यांनी. कोनालाच कमी पडू नाय दिलं."

"आणि आजारी किती होते?"

"दर खेपेला एकच," हिरामण म्हणाला, आणि रडू लागला.

डॉक्टरबाईंनी दुसरं इंजेक्शन सुरू केलं. त्यापुढे माझी युक्ती चालेना. ताप उतरला, आशाने पेज मागितली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

आशा वाचली, मित्रांनो. पण मीही वाचले. टोळीच्या पोटात बसून मी सुरगाण्याला गेले, तिथून कुठे कुठे.

भाकरी खुशाल वाटून खा. औषध मात्र डॉक्टरांनी ज्याला दिलं त्यानेच घ्यावं, आणि सांगितलंय तितकं पुरतं घ्यावं. त्या इंजेक्शनवरची युक्ती मला अजून येत नाही. कृपा करून ती मला शिकवू नका.