माझी वहिनी शेवट सांगत नाही

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या बसच्या आरशात.

मी शहर बस चालवते. गाडी चालवणाराला मागचं जग आरशात दिसतं, उलटं आणि जरा लहान. त्या दुपारी एक म्हातारे काका दाराशी उभे राहून सांगत होते, "मला उतरायचंय ते, आपलं ते..." आणि पुढचं त्यांना येईना. ओठ हलत होते, थांब्याचं नाव निघत नव्हतं. लोक कुरकुरायला लागले. तेवढ्यात खिडकीजवळची एक बाई उठली. खांद्याला पुस्तकांनी लोंबणारी पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. दुसऱ्याच्या कॉलरवर किडा बसलेला दिसावा तसं तिनं काकांच्या मानेमागं पाहिलं.

"बसा काका," ती म्हणाली. "एक गोष्ट वाचून दाखवते."

आणि भर बसमध्ये ती मोठ्यानं वाचायला लागली. घर सोडून गेलेल्या एका बहिणीची गोष्ट होती. असं वाचणं मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही की नाटकी झाला नाही, पण शब्द तिच्या तोंडून निघताना अंघोळ करून निघाल्यासारखे ताजे वाटायचे. सिग्नलचा दिवा हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या. बहीण परत येते, दार ठोठावते, आतून पावलं वाजतात, कडी सरकते, आणि बाई थांबली. पुस्तक उघडंच हातात धरलं.

काकांच्या मानेमागून काहीतरी पुढं झुकलं. धूर म्हणावा तर धुराला मान नसते, याला होती. लांब, बारीक, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावणाऱ्या उतारूसारखी ताणलेली. ते पानावर वाकलं, आणखी वाकलं, आणि आत गेलं. बाईनं पुस्तक मिटून वरून नाडी बांधली.

"दवाखान्याचा थांबा," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, "दार कुणी उघडलं हो?"

"मला माहीत नाही ताई," ती म्हणाली. "मी शेवटचं पान वाचत नाही. कामाचा नियम आहे."

घरी येऊन मी दादाला हे सांगितलं, तर तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हा मला कळलं की गेली दोन-तीन वर्षं तो ज्या 'मॅडम'चं नाव जेवताना उगाच काढतो, त्या याच. ती मोठ्या वाचनालयाची ग्रंथपाल, आणि माझा दादा तिथली फाटकी पुस्तकं बांधून देतो. मी बसमध्ये पाहिला तसला राक्षस धरणं तिचं, त्याला पुस्तकात शिवणं दादाचं. शेवटची पानं मेणाच्या दोऱ्यानं एकमेकांना शिवून टाकायची, म्हणजे शेवट कुणाला दिसत नाही, आणि आतला गडी त्याची वाट बघत बसून राहतो. अशी पुस्तकं तिच्या टेबलामागच्या कपाटात कुलपात असतात. कपाटावर पाटी आहे, 'दुरुस्तीसाठी'. वाचक कटकट करतात, की चांगली पुस्तकं नेमकी दुरुस्तीला.

"राक्षस म्हणजे आधी नुसती भूक असते," तिनं मला एकदा समजावलं. "तोंड तिला नंतर फुटतं. या शहरातल्या बहुतेक राक्षसांना शेवट खायला आवडतात. बोलण्याचा, कामाचा, आठवणीचा. माणूस अर्धवट राहतो आणि त्याला वाटतं वय झालं."

ती आमच्या घरी चहाला यायला लागली. बोलायची छान, हसायची छान, पण कपात शेवटचा घोट ठेवून उठायची. दर वेळी. सिनेमाला नेली तर शेवटाआधी चपला शोधायची. निघताना 'येते' म्हणायच्या ऐवजी "बरं, मग..." एवढंच. इतकी पुस्तकं शेवटाआधी मिटली की तिचा हातच तसा वळला होता. आणि माझ्या दादानं, पानं चिकटवायच्या खळीचा ब्रश हातात असताना, तिला विचारलं होतं, "माझ्याशी लग्न कराल का?" ती म्हणाली होती, "मलाही खरं तर..." आणि थांबली होती. त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"काय रे," मी म्हणायची, "खळ तरी सुकली का?"

"सुकू दे," दादा म्हणायचा. "घाईनं दाबलं की पुस्तक वाकतं."

मग तसलंच एक आमच्याच घरी शिरलं.

आई रफूचं काम करते. लोकांचे फाटलेले कोट, शाली, पडदे असे सांधते की भोक कुठं होतं हे मालकालाही सापडू नये. काम करताना तिचं एक गाणं असतं, तिनंच रचलेलं:

पुढं पुढं सुई, मागं दोरा तिचा सखा,
फाटलं ते जिथं, तिथं दोघांचा गं टाका.

एके दिवशी ती 'तिथं दोघांचा गं'पाशी अडली. पुन्हा म्हणाली, पुन्हा अडली. मला वाटलं, खोकला आला असेल. मग बाह्या अर्ध्या राहायला लागल्या. घास उचलायची आणि हात मध्येच टेकायचा. जिन्यात मधल्या पायरीवर उभी सापडायची, वर जायचं होतं की खाली, ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. दादा चप्पल घालून थेट वाचनालयात गेला.

ती सुट्टीच्या दिवशी सकाळी आली. दारातूनच आईच्या खांद्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मोठा आहे," ती हळूच म्हणाली. "पुष्कळ जेवलेला."

पण तिनं पुस्तक उघडलंच. खिडकीतलं ऊन आईच्या मांडीवर होतं आणि ग्रंथपालबाई स्टुलावर बसून एका नावाड्याची गोष्ट वाचत होती. नावाडी पूर आलेल्या नदीत शिरतो, पलीकडच्या काठावर कंदील हलतो, नाव बुडायला येते. आणि इथं ती थांबली. आईच्या खांद्यावरून मान निघाली. बसमधल्यापेक्षा कितीतरी जाड. ती पानावर वाकली.

तेवढ्यात आईनं दादाकडं पाहून विचारलं, "मग रे? पोचला का तो?"

किती दिवसांत आईनं पहिल्यांदा एक अख्खा प्रश्न विचारला होता. आणि दादा बाइंडर. पुस्तक बांधताना पानांचा क्रम तपासायला त्याला शेवटचं पान बघावंच लागतं. लेकाचा जीव कळवळला. तो म्हणाला, "पोचला गं आई, पोचला."

मान गर्रकन वर आली. घोट गिळल्याचा आवाज झाला. आईचे डोळे पुन्हा रिकामे.

मला वाटलं, आता ही दादाला खाऊ की गिळू करणार. तिनं फक्त त्याच्या हातावर हात ठेवला. "मीही सांगितलं असतं," ती म्हणाली. "मला माहीत असतं तर."

पण आता त्याला डाव कळला होता. तिनं दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. ती शेवटापाशी यायच्या आधीच आईचं तोंड उघडायचं आणि त्यातून भलताच, जाडा आवाज निघायचा: "मुलगी त्याला ओळखत नाही." "तिजोरी रिकामी असते." बाकी सगळ्या पुस्तकांचे शेवट त्यानं कुणाकुणाच्या आठवणीतून कधीच खाल्ले होते. दुपार झाली. पिशवी रिकामी झाली. आई प्रत्येक वेळी आणखी थोडी विझत होती. तिला पाणी पाजलं तर ते ओठांवरूनच परत आलं, गिळणं हाही शेवटच ना. उद्या श्वासाचं असंच झालं तर, हा विचार आम्हा तिघांच्याही मनात आला.

तिनं चष्मा काढून डोळे पुसले. मग दादाला म्हणाली, "ते पुस्तक आणा."

दादानं तिच्यासाठी एक कोरं पुस्तक बांधलं होतं, निळ्या कापडाचं. उत्तर मिळाल्यावर द्यायचं म्हणून कपड्यांखाली ठेवलेलं. तिला ते कसं ठाऊक होतं, देव जाणे. तिनं ते आईसमोर उघडलं, आणि कोऱ्या पानावरून बोट फिरवत वाचायला लागली.

"एक बाई होती. तिनं इतकी पुस्तकं शेवटाआधी मिटली, की तिला वाटायला लागलं, जे जे पूर्ण होतं ते ते कुणीतरी खातं. म्हणून ती काहीच पूर्ण करीना. चहासुद्धा. एक माणूस तिच्याकडं यायचा. त्याच्या बोटांना खळीचा वास यायचा. फाटलेलं पान तो असं उचलायचा, जणू ते झोपलंय. पहिल्यांदा तो आला तेव्हा तिनं त्याला एक बिनकामाचं पुस्तक दुरुस्तीला दिलं, कारण धडधाकट पुस्तक दुरुस्तीला कसं द्यायचं. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच एक फाडलं."

दादानं मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं.

ती पानं उलटत राहिली. आपल्या लाजेचं, भीतीचं, वर्षभर गिळलेल्या वाक्याचं सगळं तिनं आमच्यासमोर, एका राक्षसासमोर, उन्हात मांडून ठेवलं. मी गर्दीत, घाटात, धुक्यात गाडी चालवली आहे. पण त्या दिवशी तिनं जे केलं तेवढं धाडस माझ्या अंगात नाही.

"आणि त्यानं विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. तेव्हा तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि ती म्हणाली..."

ती थांबली. आईचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. हा शेवट त्यानं कुठंच खाल्ला नव्हता. मान निघाली, ताणली, पानावर वाकली, आणि सगळंच्या सगळं, खांद्याएवढं, शेपटापर्यंत आत गेलं. बाई पुस्तक मिटून त्यावर पालथी पडली. दादा सुईदोरा घेऊन धावला.

आईनं आवंढा गिळला. मांडीवरची बाही उचलली. "टाका," ती म्हणाली. "तिथं दोघांचा गं टाका." आणि तिनं तो घातला.

मग तिनं डोळे बारीक करून विचारलं, "पण ती काय म्हणाली?"

आमचा जीव टांगणीला. ग्रंथपालबाईंनी दादाकडं पाहिलं. ओठ उघडले होते.

"सांगू नका," दादा म्हणाला. "राहू दे. आई गाते आहे तेवढं पुरे."

ते निळं पुस्तक कपाटात गेलं. दादा पूर्वीसारखाच वाचनालयात जायचा, ती पूर्वीसारखीच चहाला यायची. दोघं एकमेकांकडं असं बघायची की मलाच खिडकीबाहेर बघावं लागायचं. महिने गेले. एक दिवस मी दोघांसमोरच चिडले.

"शेवट, शेवट काय लावलंय?" मी म्हटलं. "माझ्या बसवर शेवटचा थांबा लिहिलेला असतो, तो उतारूंसाठी. ते उतरतात आणि घरी जातात. मला तिथं गाडी वळवून पुन्हा निघायचं असतं. मी कधी शेवटाला पोचलेच नाही."

दादानं ब्रश खाली ठेवला. पानांच्या घड्यांचा एक जुडगा असतो, त्याला तो फर्मा म्हणतो. एक कोरा फर्मा त्यानं हातात घेतला आणि माझ्याकडं बघत राहिला.

"निळ्या पुस्तकाचा जुना टाका कापल्याशिवाय त्याला नवा फर्मा जोडता येत नाही," तो म्हणाला. "तेवढा वेळ पुस्तक उघडं राहील."

"तेवढा वेळ मी सांगत राहीन," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या वाचनालयात, मोठ्या टेबलावर आम्ही बसलो. आई दोऱ्याला मेण लावून सुया ओवून देत होती. मी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला, स्टिअरिंग धरते तसा. आत मधूनमधून काहीतरी कूस बदलत होतं. कोऱ्या पानांवर तिचे शब्द उमटले होते, ओल सुकल्यावर डाग राहतो तसे.

दादानं टाका कापला. मान वर आली.

"मग त्यानं टाका कापला," वहिनी म्हणाली. मी तिला मनात वहिनी म्हणायला केव्हाच सुरुवात केली होती. "त्याच्या हाताला कंप नव्हता. त्याची बहीण पुठ्ठा धरून होती आणि उगाच धैर्याचा आव आणत होती."

"उगाच काय?" मी म्हटलं.

"आणि मध्येमध्ये बोलत होती." मान माझ्याकडं वळली आणि पुन्हा तिच्याकडं गेली, ऐकत राहिली. दादाची सुई आत गेली, बाहेर आली. तिनं सुईबरोबर शब्द चालवले, एका टाक्याला एक वाक्य, आई ओठातल्या ओठात गाणं म्हणत होती, आणि दादानं गाठ मारली.

"आणि ती हो म्हणाली," वहिनी म्हणाली. दादाकडं पाहून, स्पष्ट, शेवटच्या अक्षरापर्यंत. "हो."

मानेनं भलामोठा जबडा उघडला, शेवट गिळायला. आणि तसाच ठेवला. समोर पान होतं. त्यापुढंही पान होतं. त्यानं आमच्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोललं, आणि तो आवाज लहान निघाला.

"मग?"

"मग," वहिनी म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्यांचं पडद्यांच्या रंगावरून भांडण झालं."

ते थोडा वेळ विचारात पडलं. मग हळूच, गोधडीत शिरावं तसं, पानांत गेलं. दादानं पुस्तक मिटलं. शेवटची पानं यावेळी शिवली नाहीत. गरज नव्हती.

पडद्यांवरून भांडण खरंच झालं. ते पुस्तक आता जाडजूड झालंय. कोरी पानं संपत आली की दादा आणखी एक फर्मा जोडतो. वहिनी अजून राक्षस धरते, अजून शेवटचं पान वाचत नाही, आणि 'हो' सोडून कुठलंही वाक्य नीट संपवत नाही.

चहाच्या कपात शेवटचा घोटही अजून ठेवते. तो दादा पितो.