ठेवते म्हणेपर्यंत

त्या शहरात सोनं नव्हतं, कोळसा नव्हता, पाणीसुद्धा शेजारच्या डोंगरातून उसनं यायचं. सैन्य म्हणाल तर एक बँडपथक, आणि त्यातलाही ढोल फुटका. तरी त्याचा विषय निघाला की जगातली भली थोरली शहरं खुर्चीत जरा सावरून बसायची. कारण बाजाराच्या मागच्या गल्लीत एक इमारत होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर टेलिफोन एक्स्चेंज. जगाच्या या टोकाला त्या टोकाशी बोलायचं असेल तर तार इथूनच जायची. राजघराण्यांची लग्नं इथून जमली, लढाया इथून मिटल्या. एकदा तर सूर्य नेमका कधी उगवतो यावरून दोन वेधशाळांचं वाजलं, आणि त्यांचं एकमत होईपर्यंत सूर्य बिचारा क्षितिजाखाली ताटकळत राहिला.

एक्स्चेंजचा सगळा कारभार बाईंच्या हातात. भिंतभर लाकडी बोर्ड, त्यावर एकेका शहराचा एकेक इवलासा दिवा, दिव्याखाली भोक. दिवा लागला की भोकात दोरीची खुंटी घालायची, विचारायचं आणि हवं तिथे जोडून द्यायचं. बाईंचा कान असा, की नुसत्या शिंकेवरून त्या माणसाचा खंड ओळखत. हाताखालच्या मुलींना एकेकीला इतक्या भाषा येत, की भांडताना त्या मुद्दाम तिसरीला न समजणारी भाषा निवडायच्या.

हे एक्स्चेंज काढलं बाईंच्या सासऱ्यांनी. त्यांनी भिंतीवर एकच नियम रंगवून घेतला होता. दोन्हीकडून ‘ठेवतो’ म्हटल्याशिवाय खुंटी उपटायची नाही. मग बोलणारा सम्राट असो की खिसेकापू. एका सेनापतीला बोलता बोलता डुलकी लागली, तर त्याचं घोरणंसुद्धा आठवडाभर जोडून ठेवलं होतं. पलीकडच्याला वाटलं, हा गप्प बसून काहीतरी भयंकर बेत शिजवतोय. त्यानं धास्तीनंच तह करून टाकला.

अशा या एक्स्चेंजमध्ये एका सकाळी नगराध्यक्ष दाणदाण जिना चढून आले. नगराध्यक्ष म्हणजे बाईंचे धाकटे दीर.

“वहिनी, समुद्रापलीकडच्या शहराची खुंटी उपटा.”

“का, त्यांनी ‘ठेवतो’ म्हटलं?”

“त्यांनी मनोरा बांधलाय. आपल्यापेक्षा एक मजला उंच. मुद्दाम.”

“मग तुम्ही दोन मजले चढवा, भाऊजी. माझ्या बोर्डावर कशाला चढताय?”

“मनोऱ्याला खर्च येतो. खुंटीला काय येतो?” नगराध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. “ते बसू देत जरा मुके. मोठं कोण ते जगाला कळू दे.”

बाईंनी कानावरचा हेडफोन उतरवला. मुलींचे हात जागच्या जागी थांबले, कारण बाई हेडफोन उतरवतात तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं.

“सगळं जग आपल्या बोर्डावरून बोलतं, कारण इथे कुणाचं बोलणं तोडत नाहीत. आज यांचं तोडलं तर उद्या बाकीचे म्हणतील, नको रे बाबा, हिचा दीर कधी रुसेल याचा नेम नाही.”

एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिनं खोकल्याचं सोंग आणलं.

“संध्याकाळी वायरमनला घेऊन येतो,” नगराध्यक्ष म्हणाले. “तुम्ही नाही उपटली तर तो दोरी कापेल. हे मी नगराध्यक्ष म्हणून सांगतोय.”

“बरं. मग हा चहा कुणाला देऊ, नगराध्यक्षांना की दिराला?”

“दिराला,” असं म्हणून त्यांनी उभ्या उभ्या चहा संपवला आणि ते गेले.

ते जिना उतरायच्या आत बातमी जगभर झाली होती. दुपारी पूर्वेकडच्या एका शहरानं फोन करून सांगितलं, “आम्ही आमची तार दुसरीकडून वळवतोय. राग नसावा.” दिवा विझला. मग त्याच्या शेजारचा विझला. तो तर ‘राग नसावा’ एवढंही न म्हणता.

“बाई, पूर्वेची अख्खी ओळ काळी पडली,” चष्मेवाली म्हणाली. भाषांतराला तिच्यासारखी दुसरी नव्हती. “असंच चाललं तर आपण सगळ्या घरी.”

“कुणी घरी जात नाही,” बाई म्हणाल्या. “ही तार आज तुटायची नाही म्हणजे नाही.”

उपाय समोर भिंतीवरच रंगवलेला होता. तारेवर बोलणं चालू असलं की या इमारतीत तिला कुणी हात लावत नसे. प्रश्न एवढाच, की दिरांचा राग उतरेपर्यंत बोलणार कोण? व्यापारी भाव सांगून मोकळे होतात. प्रेमात पडलेले नुसते उसासे टाकतात. पुढारी टाळ्या पडल्या नाहीत की थांबतात. बाईंनी एका मुलीला घरी पिटाळलं आणि सासूबाईंना बोलावून घेतलं.

सासूबाईंची गोष्टच वेगळी. त्यांनी दूधवाल्याला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगायला घेतलं तेव्हा त्याची गाय गाभण होती. सांगून झालं तेव्हा वासरू गवत खात होतं.

“काय गं सूनबाई? भाजी अर्धी चिरून आलेय मी.”

“आई, सरळ सांगते. तुमच्या मुलाला ही तार तोडायचीय. तुम्ही बोलत राहिलात तरच ती वाचेल.”

“त्याला लहानपणापासून दुसऱ्याचे पतंग कापायचीच खोड,” सासूबाई म्हणाल्या. “पण बोलू कुणाशी?”

“तिकडच्या नगराध्यक्षांच्या आईशी.”

“अगं, ओळख ना पाळख. मी काय बोलणार?”

“त्यांनाही सून आहे.”

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

दोघींच्या भाषा वेगळ्या, म्हणून चष्मेवाली मध्ये बसली. सुरुवातीला ती वाक्यावाक्याला भाषांतर करत होती. गुडघ्यांपासून कंबरेपर्यंत येता येता दोघी तिला ओलांडून गेल्या आणि ती नुसती माना डोलवत बसली.

संध्याकाळी नगराध्यक्ष वायरमनला घेऊन हजर झाले. वायरमननं पक्कड काढली, बोर्डाकडे पाहिलं आणि परत खिशात घातली.

“साहेब, बोलणं चालू आहे.”

“काप म्हणतो ना.”

“आईसाहेब बोलतायत, साहेब. मला याच गावात राहायचंय.”

नगराध्यक्षांनी आवाज मऊ केला. “आई, ठेव ना आता.”

सासूबाईंनी रिसिव्हरवर हात ठेवला. “मी लगेच ठेवीन रे. पण त्यांचं कुठे झालंय? सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगतायत, तिला अजून बघायलासुद्धा गेलेले नाहीत. मग लग्न, मग पुढचं सगळं.”

नगराध्यक्षांचा संयम संपला. ते स्वतःच दोरीकडे झेपावले. पण दोरीवर बाईंचा हात आधीच होता, आणि तो हलेना.

“सोडा, वहिनी.”

“सोडणार नाही. आधी बोर्डाकडे बघा.”

त्यांनी पाहिलं. जिथे दिवाळं निघाल्यासारखा अंधार होता, तिथे सकाळी दिव्यांची दाटी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत पश्चिमेकडचे आणखी दोन विझले.

“खुंटी अजून जागेवर आहे, भाऊजी. तुम्ही नुसतं ‘उपटा’ म्हणालात, तर ही गत. खरंच उपटलीत तर उरेल काय? एक बुटका मनोरा आणि एक फुटका ढोल.”

नगराध्यक्षांचा हात दोरीवरून निघाला नाही, पण त्यातला जोर गेला.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “ऐकलंस का? तिकडे त्यांचा मुलगाही येऊन उभा राहिलाय. पक्कड घेऊन. म्हणतो, त्यांनी तोडायच्या आधी आपणच तोडू.” आणि त्यांनी रिसिव्हर मुलाच्या हातात कोंबला. “तूच बोल. मला जरा पाणी पिऊ दे.”

नगराध्यक्षांनी घसा खाकरला आणि पलीकडच्या मनोऱ्याविषयी जे मनात होतं ते घडाघडा बोलून टाकलं. चष्मेवालीनं घाबरून बाईंकडे पाहिलं.

“जसं आहे तसं सांग,” बाई म्हणाल्या. “साखर घालू नकोस.”

तिनं सांगितलं. पलीकडून आलं ते त्याहून तिखट होतं, तेही तिनं जसंच्या तसं दिलं. मग मनोऱ्यावरून पूल निघाले, पुलांवरून बंदरं, बंदरांवरून एकमेकांचे काका. असं खणखणीत भांडण त्या तारेवरून कधी गेलं नव्हतं, आणि मधे कुणी एक शब्दही कापला नाही. जगात त्याची वार्ता पसरायला कितीसा वेळ लागणार? पूर्वेच्या ओळीतला एक दिवा लुकलुकला. मग त्याच्या शेजारचा.

थोड्या वेळानं नगराध्यक्षांनी रिसिव्हर छातीशी धरला. आवाज बसला होता, पण चेहरा फार दिवसांनी मोकळा दिसत होता.

“वहिनी, तो आधी ठेवायला तयार नाही. आणि मी आधी ठेवला तर शहराची काय शोभा राहील?”

“मग ठेवू नका,” बाई म्हणाल्या. “बसून घ्या. वायरमनदादा, साहेबांना खुर्ची द्या.”

त्यांनी हेडफोन कानांवर चढवला, पूर्वेच्या पहिल्या दिव्याखाली खुंटी घातली आणि विचारलं, “हॅलो, कुठे जोडून देऊ?”