बारा डिस्कवर फुटलेलं खापर

"नेटवर्कमध्ये खोट नाही म्हणजे नाही! लिहून देते, सही करून देते, हवा तर अंगठा देते!"

इस्पितळाच्या तळघरात सकाळी आठलाच तोफ धडाडली होती. तोफ म्हणजे तिथलं नेटवर्क सांभाळणारी बाई. हे नाव तिला कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने कान उघडे ठेवून ठेवलं. फोनवर वरच्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर होते, आणि पेशंट टेबलावर असताना स्कॅन उघडायला दोन-दोन मिनिटं लागत होती म्हणून तेही काही कमी आवाजात बोलत नव्हते.

तिचा तोरा अगदीच फुकाचा होता असं नाही. तळघरात आठ सर्व्हर होते. प्रत्येक स्कॅनच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या जात, त्यामुळे ही आठही धुडं दिवसभर एकमेकांना माहितीची पॅकेटं पाठवत असत. गेल्या वर्षी तिने त्या पॅकेटांचा आकार दीड हजार बाइटवरून नऊ हजारांवर नेला होता. म्हणजे सामान तेवढंच, पण फेऱ्या एक षष्ठांश. वीस सेकंदांत उघडणारा स्कॅन चार सेकंदांत उघडायला लागला. तेव्हापासून ती जमिनीवर नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला तो हक्क होता.

पण सोमवारपासून गाडं अडलं होतं. शनिवारी बारा नव्या डिस्क बसवल्या होत्या आणि त्या निवडल्या होत्या डिस्कवाल्या साहेबांनी. मंगळवारच्या बैठकीत तोफेने ठणकावून विचारलं होतं, "शनिवारी काय बदललं? डिस्क. मग आणखी पुरावा कशाला हवा?" आज गुरुवार. बारा वाजता संचालकबाई निकाल देणार होत्या: डिस्क परत, आणि साहेबांच्या फायलीत शेरा. साहेबांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. छत्तीस वर्षांची कोरी करकरीत फाइल!

आणि हे साहेब कोण? तिचे सख्खे सासरे. सासरा-सून एका घरात नीट नांदायची मारामार, इथे दोघं एकाच तळघरात. मंगळवारपासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती समोर बसलेली असायची आणि त्या मुलाला सांगायच्या, "तिला म्हणावं, जेवण गार होतंय." नवरा बिचारा दोन्ही बाजूंना मान हलवून दमला होता.

आता बैठकीत कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही म्हणून ती नेटवर्क निर्दोष असल्याचा कागदी पुरावा काढायला बसली. सोमवारपासून ती तपासणी करतच होती, पण छोट्या पॅकेटांनी. ती सगळी झरझर पोहोचत होती, पडद्यावर सगळं हिरवंगार. आज म्हटलं, होऊन जाऊ दे. पुऱ्या आकाराचं पॅकेट, वाटेत तोडायचं नाही अशी ताकीद देऊन सोडलं.

सर्व्हरांना एकमेकांशी जोडणारे दोन स्विच होते; पहिल्यातून उत्तर लगेच आलं. दुसऱ्या स्विचमधून आलंच नाही.

तिने पुन्हा सोडलं. छोटं गेलं. मोठं गडप. दुसऱ्या स्विचची सेटिंग उघडली तर तो निर्लज्ज दीड हजारांवर बसला होता. निम्मी वाहतूक त्याच्यातून जायची, मोठी पॅकेटं तिथे मरायची, आणि सर्व्हर बिचारे पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे.

स्विच तिनेच बसवला होता, तीन आठवड्यांपूर्वी, जुना जळाला तेव्हा. सेटिंगही केली होती. पण ती स्विचच्या कायमच्या आठवणीत जपून ठेवायला एक वेगळी आज्ञा द्यावी लागते. नाही दिली तर वीज गेल्यावर सगळं पुसलं जातं. शनिवारी डिस्कसाठी वीज बंद केली होती. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने वहीतून एकेक पायरी वाचून खूण करायची, असा तळघराचा नियम होता. स्विच बसवताना सासरे वही घेऊन उभेही राहिले होते. "ठेवा हो ती वही, साहेब," ती म्हणाली होती, "हे मी झोपेतसुद्धा करीन."

"अगं बाई गं," ती कपाळावर हात मारून म्हणाली. मग मिनिटभरात तिने सेटिंग केली, या वेळी जपूनही ठेवली. स्कॅन उघडून पाहिला. चार सेकंद.

सासरे चष्मा लावून पलीकडे बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"स्विच नवा होता ना?" ते हळूच म्हणाले. "कंपनीकडूनच तसा आला असं सांग. नाहीतर माझ्यावर राहू दे. मी आठ दिवसांनी घरी बसणार, मला त्या फायलीचं काय लोणचं घालायचंय? तुला अजून वीस वर्षं काढायची आहेत इथे."

"वीस वर्षं मान खाली घालून काढू? ते मला नाही जमायचं."

बैठकीत संचालकबाईंनी विचारलं, "तर मग दोष कुणाचा?" सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण तोफेपुढे कुणाचा आवाज चाललाय?

"माझा!" ती म्हणाली. "स्विचची सेटिंग मी जपून ठेवली नाही. मंगळवारी इथेच मी साहेबांच्या डिस्कवर खापर फोडलं, तेही चूक. शेरा लिहायचाय तर माझ्या नावावर लिहा. दुरुस्ती झालीय, डॉक्टरसाहेब, आत्ता कुठलाही स्कॅन उघडा."

हाडांच्या डॉक्टरांनी उघडला. मग दुसरा, मग तिसरा. "छान," ते पुटपुटले, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. संचालकबाईंनी शेरा लिहिलाच. तिने तो नीट वाचला, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करून दिली आणि खाली ठसठशीत सही केली.

बाहेर जिन्यात सासरे कठड्याला धरून थांबले. ती हात जोडणार तेवढ्यात तेच बोलू लागले.

"तू बोललीस त्याचा राग नव्हता गं मला. पण माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला होता. छत्तीस वर्षं हेच केलं, आणि म्हटलं, आता डोळे गेले, हात गेला, डोकं गेलं. चार दिवस मी हेच धरून बसलोय. तुझ्या सासूलासुद्धा नाही सांगितलं."

तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"तुमचं काहीएक गेलेलं नाही, बाबा. सोमवारपासून बारातली एकही डिस्क एकदासुद्धा चुकलेली नाही. बैठकीआधी सगळी मोजमापं काढलीत मी. डोळ्यांनी बघा."

"दाखव."

ती लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली, ते तिच्या शेजारी बसले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून चढत होते, उतरत होते. तिने एकेका डिस्कचा आकडा मोठ्याने वाचला, आणि बारावा ऐकेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.