डॅशबोर्डावरची सायबीण

तिन्हीसांज उलटत आली होती. गाडी दुरुस्त करायला आलेल्या गुरुदास मेस्त्रीने डॅशबोर्डाच्या कोपऱ्यातल्या काळ्या बटणावर तळहात ठेवला, आणि समोर आंगणाच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर लख्ख उजेड पडला. हात उचलला, क्षणभरात उजेड विझला.

"बल्ब बरे, फ्यूज बरो," तो म्हणाला. "गाडयेक काळोखच दिसणा नाय, बाय. ह्या बटणाक ती निळी बत्ती दिसता. तेका वाटता, अजून दिवसच आसा."

बटणाला खेटून सायबीण उभी होती. मेरीमातेची बोटभर मूर्ती, पायाशी सेलवर जळणारी निळी बत्ती. डेलिशाच्या सासूने, कोन्सेसांवने, महिन्यापूर्वी ती चिकटवली, आणि त्याच आठवड्यात दिवे आपोआप लागायचे थांबले. हाताने लावायची कळ तर कधीचीच जळून गेलेली.

डेलिशा किल्लीची कडी बोटात फिरवत राहिली. कुडाळच्या एका दवाखान्याला नर्स हवी होती. सुटी रात्री आठला, तेव्हा घरी धामापूरला परतायला एसटी नसते. 'दिवे झाले की येते,' असं ती पंधरा दिवस कळवत होती. आज रात्री आठपर्यंत सांगा, नाहीतर दुसरी बघतो, असं त्यांनी सकाळी बजावलं होतं. लग्नाआधी ती नर्सच होती. मग सात वर्षं चूल, विहीर, खळं आणि बोटीवरून येणारे नवऱ्याचे, नेव्हिलचे फोन. दाव्याला बांधलेल्या गाईने चरावं तेवढंच गोल आंगण.

"माय सायबिणीक हात लावूक देवची नाय," ती हळूच म्हणाली.

"कोण म्हणता?"

कोन्सेसांव हात पुसत पायरी उतरली. कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि एका झटक्यात मूर्ती उपटली.

"ही माझ्या मांडयेर बसतली. गावभर सांगत होतंस मां, गाडी नाय म्हणान अडाकलंय? चल, मी पण येतंय. तोंडार सांग तेंका, उद्यापासून येतंय म्हणान."

ती पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. गडगा पुन्हा उजळला, या खेपेला उजळलेलाच राहिला.

डेलिशाने अंगठा आणि तर्जनी जुळवून पाहिली, सुई धरावी तशी. सात वर्षांत एकही इंजेक्शन दिलं नव्हतं. तिने मूठ मिटली आणि उघड्या बॉनेटखाली वाकली.

"गुरुदास," ती कुजबुजली, "मायेक सांग मरे, आणखी काय तरी बिघाड आसा. सामान येवक आठ दिस लागतले म्हणान."

"चल गो डेलिशा! काय करतंस थंय?"

गुरुदासने तिच्याकडे एकवार पाहिलं, आणि बॉनेट खाली ओढून घट्ट लावून टाकलं.