पुढची बैठक

मित्रांनो, मी मासेमारीची एक कयाक आहे, म्हणजे वल्ह्याने चालवायची प्लास्टिकची लहान होडी. वय अवघे सहा वर्षे, पण उन्हाने माझा पिवळा रंग विटला आहे.

फिरत्या साच्यात भुकटी वितळवून मला घडवले. पुदुच्चेरीच्या दुकानात वरुणराव कयाक निवडायला आले, तेव्हा त्यांची मुलगी हरिता सोबत होती. त्यांचा जीव एका लांब, अरुंद कयाकवर जडला होता. दुकानदाराने पाणी कसले ते विचारले. तंजावूरच्या कालव्याचे, ते म्हणाले. गुडघे कसे, याचे उत्तर हरितानेच दिले. मग त्याने समजावले, की अरुंद होडी पळते पण डुलते; दुखऱ्या गुडघ्यांना रुंद तळ आणि उंच बैठक बरी. तशी एकट्यापुरतीही एक होती. वरुणरावांनी मात्र मला, दोन बैठकांच्या होडीला, निवडले.

"अप्पा, मासे काय बसून येणार आहेत?" हरिता म्हणाली. त्यांनी हसून पैसे मोजले.

त्यांच्या पत्नी चंद्रमतीबाईंना पाण्याची भीती. त्यांनी मला हातही लावला नाही. जूनमध्ये कालव्याला पाणी सुटले की वरुणराव मला टेम्पोत घालून नेत. ते मागे बसत आणि माझे नाक वर उचलले जाऊ नये म्हणून पुढच्या बैठकीवर वाळूची पिशवी ठेवत. तमिळ पंचांगातल्या आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, सारी कुटुंबे डब्यात चिंचेचा भात, लिंबाचा भात घेऊन पाण्याची पूजा करायला काठावर येतात. त्या दिवशी ते मला पायरीला लावून बाईंना बोलावत. बाई पायरीवरूनच भात हाती देत आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत.

यंदा कालवा कोरडा असतानाच वरुणराव गेले. मी ओसरीत पडून होते. "मला ही पाहवत नाही, विकून टाक," असे बाईंनी हरिताला सांगितले. रविवारी गिऱ्हाईक येणार होते.

शनिवारी हरिताने मला धुतले. वाळूची पिशवी काढून ती सहज पुढे बसली, तर गुडघे हनुवटीला लागले. पाय टेकवायची पट्टी अगदी जवळच्या खाचेत ओढून, सरकू नये म्हणून गळाच्या दोऱ्याने बांधलेली होती.

"अम्मा, ही जागा माझ्या मापाची नाही," ती म्हणाली. "तू बस बघू."

बाई ओसरीतच माझ्यात बसल्या. त्यांचे पाय पट्टीवर नेमके टेकले. बराच वेळ त्या दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवत राहिल्या.

"सहा वर्षं माझ्या जागी वाळू बसवली," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

मित्रांनो, कयाक निवडताना पाणी बघा, गुडघे बघा, वजन बघा. आणि कोणी तुमच्यासाठी जागा ठेवली असेल, तर वेळेवर जाऊन बसा.

आडीच्या अठराव्या दिवशी हरिता मागे बसली. चंद्रमतीबाई डबा मांडीवर धरून, डोळे मिटून पुढे बसल्या. माझे नाक पाण्यावर सरळ राहिले.